हसू नका, फोटो काढतेय

बावीस जणांचे फोटो गेले आणि सतरा जणांचे परत आले.

नुसते परत आले असते तर एक वेळ चाललं असतं. प्रत्येक फोटोखाली एकेक ओळ चिकटून आली होती. ‘खालचा भाग झाकलेला.’ ‘मध्ये पापण्या.’ ‘अंधुक, वाचता येत नाही.’ ‘पुन्हा काढा.’ आरोग्यकेंद्राच्या पायरीवर बसून फोटोवाली त्या ओळी वाचत होती आणि एकेका ओळीगणिक तिचा चेहरा उतरत होता. अठरा वर्षं तिने या केंद्रात मलमपट्ट्या केल्या, गोळ्या वाटल्या, बाळं वजनकाट्यात घातली. आजवर कुणी तिचं काम असं तोंडावर परत फेकलं नव्हतं.

हा फोटोचा उद्योग नवा होता. शहरातल्या मोठ्या रुग्णालयाने पेटीत बसणारा एक कॅमेरा तिच्या हवाली केला होता आणि आठ दिवस शिकवून पाठवलं होतं. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांच्या डोळ्याचा आतला पडदा हळूहळू खराब होतो, आणि होताना माणसाला पत्ताही लागत नाही. म्हणून डोळ्याचा आतून फोटो काढायचा, तो शहरातल्या डॉक्टरीणबाईंना धाडायचा. त्या बघून सांगणार, कुणी खुशाल घरी राहावं आणि कुणी धावत यावं. काम सोपं वाटलं होतं. हनुवटी टेकवा, कपाळ पट्टीला लावा, हिरव्या ठिपक्याकडे बघा, की झालं. पहिल्याच आठवड्यात गावाने तिचं जुनं नाव पुसून टाकलं आणि ती फोटोवाली झाली.

आता सतरा घरी जाऊन सांगायचं होतं की पुन्हा या. ती दारोदार फिरली.

“म्हणजे माझा डोळा नापास?” लोहाराने विचारलं.

“डोळा नाही हो, फोटो नापास.”

“फोटो कुणी काढला?”

“मी.”

“मग नापास कोण?” म्हणून लोहार खो खो हसला, आणि भात्यापाशी बसलेले चौघेही हसले. फोटोवाली पुढच्या घरी गेली.

सतरावं घर तिचं स्वतःचंच होतं. परत आलेल्यांत तिची नणंद होती.

नणंदेला सगळं गाव ताई म्हणे. वय साठीच्या पुढे, बांधा काटकुळा, लग्न केलं नाही. करायला वेळच कुठे होता, असं ती स्वतःच सांगे, कारण वयाच्या पंधराव्या वर्षापासून ती घेवड्याचं बी निवडत होती. पेरणीच्या आधी महिनाभर ओसरीत बसायचं, पुढ्यात सूप घ्यायचं आणि एकेक दाणा बघून चांगला डावीकडे, वाईट उजवीकडे टाकायचा. सुरकुतलेला, किडका, डाग पडलेला दाणा तिच्या नजरेतून सुटत नसे. आजूबाजूच्या चार गावांतले लोक पोती घेऊन तिच्या दारात रांग लावत. ताईने निवडलेलं बी म्हटलं की पुढे बोलायचं काम नव्हतं.

गेल्या वर्षापर्यंत. गेल्या वर्षी घरच्याच खालच्या शेतात घेवडा टक्कल पडल्यासारखा उगवला. इथे चार रोपं, तिथे हातभर मोकळी जमीन. फोटोवालीचा नवरा, म्हणजे ताईचा धाकटा भाऊ, बांधावर उभा राहून म्हणाला, “बी वाईट होतं.” ताई म्हणाली, “पेरलंस खोल.” तेवढ्या दोन वाक्यांवर बहीणभावांचं बोलणं बंद झालं. बावन्न वर्षांच्या या भावाला अख्खं घर अजून धाकट्या म्हणूनच हाक मारत होतं, पण रुसायचं म्हटलं की तो कुणाला ऐकायचा नाही. एका घरात राहून, एका ताटलीतली भाकरी मोडून दोघं वर्षभर एकमेकांशी फक्त फोटोवालीच्या तोंडून बोलत होती.

“तुझ्या नवऱ्याला सांग, मीठ पुढे कर.” ताई म्हणाली.

“तुझ्या नणंदेला सांग, मीठ तिच्या हातापाशीच आहे.” धाकट्या म्हणाला.

मीठ खरंच ताईच्या हातापाशी होतं. तिने चाचपडून घेतलं आणि म्हणाली, “ठाऊक होतं मला.”

हे तिचं ठरलेलं वाक्य. गावात कुणी पळून जावो, कुणाचं छप्पर उडो, कुणाच्या गाईला जुळं होवो, ताईच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. ठाऊक होतं मला.

“ताई, तुमचा फोटो परत आलाय. उद्या पुन्हा बसावं लागेल.”

“ठाऊक होतं मला.” ताई म्हणाली.

*

डॉक्टरीणबाईंचा फोन आला तेव्हा फोटोवाली पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर चढून उभी होती, कारण गावात आवाज नीट तिथेच यायचा.

“बाई, खोली अंधारी आहे ना तुमची? उजेडात बाहुली बारीक होते, मग आतलं काही दिसत नाही.”

केंद्राच्या खोलीला तीन खिडक्या होत्या आणि वर पत्र्यात एक फट. फोटोवालीने खिडक्यांना पोती लावली. दुपारी वारा सुटला, पोती फडफडली आणि त्यांतली वर्षभराची धूळ कॅमेऱ्याच्या काचेवर येऊन बसली. तिने काच पुसली, पुन्हा धूळ आली. तीन दिवस हा खेळ चालला. चौथ्या दिवशी ती कॅमेऱ्याची पेटी उचलून घरी आली आणि सरळ बियाण्याच्या कोठारात शिरली. जाड भिंती, खिडकी एकही नाही, दार लोटलं की डोळ्यांत बोट घातलं तरी कळू नये असा अंधार. बी निवडायला बाहेर काढलेलं असल्यामुळे कोठार रिकामं होतं.

“तुझ्या नणंदेला सांग, शनिवारी मला खताची पोती ठेवायला कोठार लागेल.” धाकट्या अंगणातून ओरडला. तो पेरणीयंत्र पालथं घालून त्याला तेल देत बसला होता.

“तुझ्या नवऱ्याला सांग, कोठार माझं आहे. माणसं बसतील तिथे शनिवारपर्यंत.” ताई ओसरीतून म्हणाली. फोटोवालीला इतका आनंद झाला की तिने दोघांपैकी कुणालाही काही सांगितलं नाही.

कोठारात फोटो सुधारले, पण थोडेच. सतरापैकी सहा पास झाले. अकरा पुन्हा परत. ‘खालचा भाग झाकलेला. मध्ये पापण्या.’ लोक आता येताना विचारू लागले, आज किती मार्क मिळतील. फोटोवालीची भूक मेली. पाय दुखेपर्यंत ती कॅमेऱ्यामागे उभी राही, पडद्यावर तिला फक्त एक डोळा दिसे, आणि ऐन वेळी त्या डोळ्याची खालची पापणी वर सरकून यायची. दर वेळी. जणू कुणी आतून दोरी ओढत होतं.

दोरी कोण ओढतंय ते कळलं न्हाव्यामुळे.

न्हावी आला तो स्वतःची दाढी करून, केसांना तेल चोपडून, इस्त्रीचा सदरा घालून. त्यात नवल नव्हतं. फोटो म्हटल्यावर सगळेच नटून यायचे. लोहाराची बायको तर कानात नवं घालून आली होती. न्हाव्याने हनुवटी टेकवली. फोटोवालीने नेहमीप्रमाणे गोड आवाजात म्हटलं, “हं, काढतेय हं फोटो!” आणि तेवढ्यात तिच्या हातातलं कॅमेऱ्याच्या काचेवरचं झाकण खाली पडलं. ते शोधायला ती वाकली, चाचपडली, आणि मान वर करून बघते तो कॅमेऱ्याच्या मंद उजेडात न्हाव्याचे बत्तीसच्या बत्तीस दात चमकत होते.

ती तशीच वाकून राहिली.

“अहो, तुम्ही हसताय का?”

“मग? फोटो काढताय ना?” न्हावी दात तसेच ठेवून म्हणाला.

“डोळ्याच्या आतला फोटो आहे हो! तोंड कशाला येतंय त्यात?”

“असेल. पण शहरातली मंडळी बघणार. तोंड पाडून बसलेलं बरं दिसतं का?”

फोटोवाली मटकन खाली बसली आणि पोट धरून हसत सुटली. सगळं गाव हसत होतं! माणूस तोंडभर हसला की गाल वर येतात, गाल वर आले की पापणी वर येते, आणि पापणी आली की डॉक्टरीणबाईंना दिसतात नुसते केस. आणि लोकांना हसायला लावत होती ती स्वतःच. ‘काढतेय हं फोटो’ असं लाडीगोडीने म्हटल्यावर कोण हसणार नाही?

“हसू नका,” ती डोळे पुसत म्हणाली. “अबब म्हणा.”

“अबब.” न्हावी कंटाळून म्हणाला. डोळा होता तेवढाच राहिला.

“असं नाही, मनापासून.”

“मनापासून अबब कसं म्हणणार? काही घडलंय का अबब म्हणण्यासारखं?”

फोटोवालीने क्षणभर विचार केला. “आपले मास्तर आहेत ना, ते दर महिन्याला शेजारच्या गावी जाऊन केस कापून येतात.”

न्हाव्याचे डोळे बशीएवढे झाले. फोटोवालीने कळ दाबली. पडद्यावर डोळ्याचा तळ उमटला, केशरी, स्वच्छ, बारीक शिरांच्या फांद्या चारी बाजूंना पसरलेल्या. इतका सुंदर फोटो तिने आठ दिवसांच्या शिकवणीतही पाहिला नव्हता.

संध्याकाळी मास्तर तरातरा आले. “न्हाव्याला कुणी सांगितलं?”

“बसा मास्तर. तुमचाही परत आलाय. हनुवटी टेकवा, हिरव्या ठिपक्याकडे बघा. न्हावी म्हणतोय, शेजारच्या गावचा तो न्हावी त्याचा सख्खा साडू आहे. आता तुमची प्रत्येक फेरी त्याला कळणार आहे.”

मास्तरांचाही फोटो एका दणक्यात पास झाला.

मग कोठाराला जत्रेचं रूप आलं. आपल्याला काय ऐकायला मिळणार म्हणून ज्यांचे पास झाले तेही पुन्हा यायला लागले आणि तिला त्यांना हाकलून द्यावं लागलं. लोहाराला तिने सांगितलं की त्याची बायको विहिरीवर त्याची स्तुती करत होती. लोहाराचा डोळा त्या दिवशी मिटायलाच तयार नव्हता. ती खोटं बोलत नसे. अठरा वर्षं घरोघर फिरलेल्या बाईच्या पोटात जे साठतं ते एवढंसं काढलं तरी गावाला पुरून उरणारं होतं. अकरापैकी दहा पास झाले. डॉक्टरीणबाईंनी फोनवर शाबासकी दिली आणि विचारलं, “केलंत काय तुम्ही?”

“काही नाही मॅडम. थोडं बोलले त्यांच्याशी.”

*

अकरावी ताई.

ताई हसायची नाही. तिचा त्रास वेगळाच होता. कॅमेऱ्यासमोर बसली की ती डोळे बारीक करायची. पन्नास वर्षं दाणे निरखून तिला ती सवयच लागली होती, असं फोटोवालीला वाटे. ठिपका कुठाय, ठिपका कुठाय म्हणत ती डोळा आणखी आक्रसून घ्यायची आणि फोटोत यायची नुसती एक फट. तिसऱ्यांदा फोटो परत आला तेव्हा खाली ओळ नव्हती. त्याऐवजी फोन आला.

“बाई, या पेशंट तुमच्या घरातल्या ना?” डॉक्टरीणबाईंचा आवाज आज वेगळा होता. “त्यांच्या उजव्या डोळ्याचा एवढासा कोपरा दिसतोय. तिथे एक काळपट रेघ आहे. ते रक्त असू शकतं, सावलीही असू शकते. मला त्याच्यावर काही लिहिता येत नाही. तुम्ही त्यांना घेऊन या, पण फोटो स्पष्ट नसलेल्यांची रांग चार महिन्यांची आहे. रक्त आहे असं फोटोत दिसलं तर मी मंगळवारीच त्यांना लेसरला घेऊ शकते. शुक्रवारपर्यंत फोटो मिळाला पाहिजे.”

“आणि रक्त असलं, आणि चार महिने गेले तर?”

“तर त्या डोळ्याचं मी काही सांगू शकत नाही. दुसऱ्याचंही.”

फोटोवाली टाकीच्या जिन्यावरून उतरली. घरी येऊन तिने ताईला सगळं सांगितलं, काही न लपवता. ताईच्या मांडीवर सूप होतं. बोटं दाण्यांतून फिरतच राहिली.

“चार महिन्यांच्या रांगेत मी जाणार नाही. फोटोत काही दिसलं तर येईन.”

“तुम्ही डोळा उघडलात तर दिसेल ना!”

“उघडाच असतो.”

ती बुधवारची सकाळ होती. फोटोवालीने पोतडीतली सगळी नवलं बाहेर काढली. कोठाराच्या अंधारात ताईला बसवून तिने सांगितलं की मास्तर कवितांची वही लिहितात. ठाऊक होतं मला. लोहाराची थोरली सून विमान चालवायला शिकतेय. ठाऊक होतं मला. स्वतः फोटोवालीने लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात ताईची आवडती बरणी फोडून परसात पुरली होती. हे ती तीस वर्षांत कुणापाशी बोलली नव्हती.

“पेरूच्या झाडाखाली,” ताई म्हणाली. “ठाऊक होतं मला.”

फोटोवालीने हात टेकले. बुधवार गेला, गुरुवार गेला. तिने डोळ्यांना बोटं लावून पापण्या ओढून बघितल्या, तर ताईच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि फोटोत सगळं वितळून गेलं. गुरुवारी संध्याकाळी ती अंगणात पेरणीयंत्रापाशी नवऱ्याशेजारी जाऊन बसली. त्याच्या हातात पाना होता, कोपरापर्यंत तेल लागलं होतं.

“अहो, तुमच्या बहिणीचा डोळा जाईल.”

धाकट्याने पाना खाली ठेवला. “रांगेत नंबर तर लावलास ना?”

“लावला. चार महिने आहेत. शुक्रवारपर्यंत चांगला फोटो गेला तर मंगळवारी. आणि फोटो येत नाही, कारण या बाईला जगात कशाचंच नवल वाटत नाही. मी सगळं सांगून बघितलं. उद्याचा एक दिवस उरलाय.”

पेरणीयंत्राची खोली ठरवणारी दांडी होती, तिच्या स्क्रूवर त्याचा अंगठा फिरत राहिला. बराच वेळ फिरला. मग तो उठून हात धुवायला गेला आणि फोटोवालीला मनातून त्याचा राग आला. बहिणीच्या डोळ्याचं सांगतेय आणि हा माणूस साबण शोधतोय.

*

शुक्रवारी सकाळी ताई कोठारात येऊन बसली. आज तिनेही जास्त आढेवेढे घेतले नाहीत. फोटोवालीने दार लोटलं. बाहुली मोठी व्हायला पाच मिनिटं अंधारात गप्प बसायचं असतं, तशी दोघी बसल्या. ताईचा श्वास ऐकू येत होता. तेवढ्यात दार किलकिलं झालं, कुणीतरी पटकन आत आलं आणि दार पुन्हा लागलं. तेलाचा आणि साबणाचा वास आला.

“तुझ्या नवऱ्याला सांग, इथे काम चाललंय.” ताई म्हणाली.

धाकट्या भिंतीला टेकून उभा राहिला असावा. त्याने घसा खाकरला.

“तू तुझं काम कर,” तो बायकोला म्हणाला. “लाव कॅमेरा.”

फोटोवालीने ताईची हनुवटी टेकवली, कपाळ पट्टीला लावलं. पडद्यावर ताईचा उजवा डोळा आला, नेहमीसारखाच आक्रसलेला. ती कळीवर बोट ठेवून थांबली.

“ताई,” धाकट्या म्हणाला.

वर्षभरात त्याने ही हाक मारली नव्हती. पडद्यावरची पापणी जराशी थरथरली.

“ताई, गेल्या वर्षी मी खोल पेरलं होतं. दांडीचा स्क्रू ढिला होता. यंत्र बोटभर जास्त खाली जात होतं. तिसऱ्याच दिवशी माझ्या लक्षात आलं होतं. चूक माझी होती, आणि मी वर्षभर ती तुझ्या अंगावर टाकली.”

ताईचा डोळा उघडला. पापण्या पार वर गेल्या, बुबुळ सगळं मोकळं झालं, आणि त्या डोळ्यात पन्नास वर्षांतलं पहिलं नवल उभं राहिलं. बावन्न वर्षांच्या आयुष्यात हा माणूस कधीच, कशासाठीच, ‘चूक माझी’ म्हणाला नव्हता. फोटोवालीने कळ दाबली. मग डावा डोळा समोर घेतला. तोही तसाच उघडा होता. तिने पुन्हा कळ दाबली.

“हे मात्र,” ताई पट्टीवर कपाळ ठेवूनच हळू आवाजात म्हणाली, “मला ठाऊक नव्हतं.”

धाकट्या दार उघडून बाहेर गेला. पाठोपाठ अंगणात हौदाच्या पाण्याचा आवाज आला. तो तोंड धूत होता.

फोटोवालीने पडद्याकडे पाहिलं. फोटो काचेसारखा स्वच्छ होता. आणि म्हणूनच, केशरी तळावर खालच्या बाजूला पसरलेला लाल-काळा डाग तिलासुद्धा दिसला. त्यासाठी डॉक्टर असण्याची गरज नव्हती. ती टाकीच्या जिन्याकडे धावत सुटली. चप्पल अंगणातच राहिली.

*

मंगळवारी धाकट्याने ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली, तीत सतरंजी घातली आणि दोघींना घेऊन तो शहरात गेला. डॉक्टरीणबाई फोनवरच्या आवाजापेक्षा खूपच लहानखुऱ्या होत्या. त्यांनी तपासलं आणि कागदावर डोळा काढून समजावून सांगितलं. उजव्यात रक्त उतरलं होतं. दोन्ही डोळ्यांत मधोमध सूज होती, बऱ्याच दिवसांची. लेसर केलं, इंजेक्शनं दिली, महिन्यामहिन्याने आणखी द्यायची होती.

“दिसेल ना?” धाकट्याने विचारलं. दाराच्या चौकटीत तो टोपी हातात धरून उभा होता.

“सूज उतरली की आत्तापेक्षा बरंच बरं दिसेल. आणि जे आहे ते टिकेल. चार महिन्यांनी आला असतात तर मला हे म्हणता आलं नसतं.” मग त्या फोटोवालीकडे वळल्या. “तुमच्या गावचे फोटो आता आमच्याकडे शिकवायला वापरतो आम्ही. इतके उघडे डोळे कुठल्याच गावातून येत नाहीत.”

फोटोवाली नुसती लाल झाली.

परतताना ऊन उतरलं होतं. ताई काळा चष्मा लावून ट्रॉलीत ताठ बसली होती. फोटोवालीने तिचा हात धरला होता आणि ताईने तो काढून घेतला नव्हता. गावाची वळणं सुरू झाली. दोन्ही बाजूंची शेतं नांगरून तयार होती. खालच्या शेतापाशी आल्यावर ताईने ट्रॉलीच्या फळीवर थाप मारली.

“धाकट्या, थांबव.”

त्याने इंजिन बंद केलं आणि घाबरून मागे वळून पाहिलं. “दुखतंय का?”

“दुखत नाही. ऐक. बी वाईट होतं रे.”

“काय?”

“गेल्या वर्षीचं. बी वाईटच होतं. मला मधोमध धुरकट दिसायचं. वर्ष झालं, दीड झालं. मी बोटांनी निवडत होते. किडीचं भोक बोटाला लागतं, सुरकुती लागते. डाग लागत नाही. डागाळलेलं सगळं मी चांगल्यात टाकलं असणार. रांगेत पोती घेऊन उभे राहिलेल्या लोकांना कोणत्या तोंडाने सांगणार होते मी? आणि तुला तर मुळीच नाही. म्हणून म्हटलं, तू खोल पेरलंस. उगाच म्हटलं होतं. खरं निघेल असं वाटलं नव्हतं.”

धाकट्या ट्रॅक्टरवरून खाली उतरला. ट्रॅक्टरला एक पूर्ण फेरी मारली. ट्रॉलीच्या चाकाला लाथ मारली, हलकीच. मग बहिणीसमोर येऊन उभा राहिला.

“म्हणजे तूही खरी आणि मीही खरा?”

“आणि दोघंही खोटी.”

“वर्षभर?”

“वर्षभर.”

“आणि मीठ मागायला मी मध्ये!” फोटोवाली एकदम कडाडली. “वर्षभर मी निरोप पोचवत फिरले! एकदा तरी एकमेकांना—” पण तिला पुढे बोलता येईना, कारण धाकट्याच्या छातीतून कसलातरी आवाज यायला लागला होता आणि तो हसण्याचा होता. ताईही हसायला लागली. आवाज न करता, खांदे गदागदा हलवत. चष्म्याखालून पाणी वाहू लागलं तसं तिने हात वर नेला आणि फोटोवालीने तो झडप घालून धरला.

“चोळायचे नाहीत डोळे! डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय.”

“मग पूस तू,” ताई म्हणाली. फोटोवालीने रुमालाने हलक्या हाताने तिचे गाल पुसले, आणि मग स्वतःचे.

धाकट्या वर चढून बसला. इंजिन सुरू करण्याआधी त्याने मान वळवली. “आणि यंदाचं बी, ताई? अर्धं निवडून झालंय तुझं.”

“ते ओतून पुन्हा निवडायचं. डाग ही बघेल, मी शेजारी बसेन. आणि लोकांना मी स्वतः सांगेन.” ताईने सतरंजी नीट केली. “पेरताना मात्र मी तुझ्या मागून चालणार आहे.”

“कशाला?”

“माती उकरून बघायला. खोली बोटाला बरोबर कळते.”

धाकट्याने चावी फिरवली.